1000 मीटरचं यंत्र, 50 मीटरचा माळ

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खालच्या अंगाला भात, मधे चढाचा माळ, माथ्यावर काजू. पुतण्या तिथंच राहून शेती बघतो, मी बेळगावात असतो. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं नव्या पोरांना रायफल शिकवण्यात गेली, त्यामुळे नेमबाजीतलं काही विकत घ्यायचं असलं की पुतण्या आधी मला फोन करतो.

या वेळी त्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. लेझर रेंजफाइंडर, म्हणजे लेझरनं अंतर मोजायचं यंत्र, हिरवट रंगाचा, खोक्यावर हरणाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात 1000 मीटर. पाठोपाठ फोन आलाच. "काका, हे घेऊ काय? हजार मीटर दाखवतंय. शिकारवाले हेच वापरतात म्हणे."

मी त्याला एकच विचारलं, "तू हजार मीटरवर काय बघणार आहेस?"

या पोराला नेमबाजीचं वेड लागलं ते 2024 च्या ऑगस्टपासून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळवलं, आणि आमच्याकडच्या कितीतरी पोरांना पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यातल्या कुणालाही जमेल. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या होत्या, पण तेव्हा हा शाळेत होता. आता त्याच्याकडे 0.177 बोअरची एअर रायफल आहे. माळावर मागं मातीचा उंच बांध घालून त्यानं लोखंडी पत्र्याची टार्गेटं उभी केली आहेत, 10 मीटरपासून 50 मीटरपर्यंत, कुठं चढावर, कुठं उतारावर. पत्र्याला गोल भोक, भोकाच्या मागं खटका. छर्रा भोकातून आत गेला तर पत्रा पडतो, कडेला लागला तर उभाच राहतो. या खेळाला फील्ड टार्गेट म्हणतात.

फोनवर त्यानं तीन कामं सांगितली: हे पत्रे, पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन 50 मीटरची .22 रायफल, आणि रात्री भातात उतरणारी रानडुकरं.

यातलं .22 चं काम दोन वाक्यांत संपलं. रेंजवर अंतर ठरलेलं असतं, मापून बांधलेलं असतं. आंतरराष्ट्रीय नियमात 50 मीटरच्या रेंजला जेमतेम 20 सेंटीमीटरची सूट आहे आणि 10 मीटरला 5 सेंटीमीटरची. हातात धरायच्या बहुतेक रेंजफाइंडरची चूकच अर्धा ते एक मीटर असते. तिथं हे यंत्र नेऊन करायचं काय?

रानडुकरांचं काम मात्र दोन वाक्यांत संपण्यासारखं नव्हतं. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीकरक्षणाच्या परवान्यावर. घरात अजूनही कुणी बोललं की त्या बंदुकीची गोष्ट निघते, आणि तरुण पोरांना वाटतं की आपल्या शेतात शिरलेलं जनावर मारणं हा आपला हक्कच आहे. तसं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 नं शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, मागं लागून हाकणं, यातलं काही करायचा प्रयत्नसुद्धा त्यात येतो. जनावर जिवाला किंवा मालमत्तेला धोका ठरलं तर कलम 11 खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि ती परवानगी ज्याच्या नावावर असेल त्यालाच. आमच्या तालुक्यात 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे. जंगल लागूनच आहे, जनावर येणारच. शिवाय 0.177 चा छर्रा रानडुकराला मारत नाही, जखमी करतो. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी बांधावर कुणाच्या बाईमाणसाला फाडतं. हे त्याला मी फोनवर सांगितलं नाही, घरी बोलावून समोर बसवून सांगितलं. त्यानं ऐकलं. शिकार यादीतून गेली, नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे गेला.

उरले पत्रे.

पत्र्यांसाठी अंतर किती नेमकं लागतं, हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. रायफल 30 मीटरला झिरो केली आहे, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथंच छर्रा लागेल अशी लावली आहे, असं धरा. एअर रायफलचा छर्रा हलका, वेग बेताचा, त्यामुळे तो लांब जाईल तसा झपाट्यानं खाली येतो. 45 मीटरच्या आसपास अंतरात 5 मीटरची चूक झाली तर छर्रा तीन-चार सेंटीमीटर वर किंवा खाली लागतो. म्हणजे दर मीटरमागं साधारण 8 मिलिमीटर. या खेळातलं सगळ्यात मोठं भोक 40 मिलिमीटरचं असतं, लहान भोक 15 चं. मोठ्या भोकाच्या मधोमध नेम धरला तरी कडेपर्यंत जागा 20 मिलिमीटर. दोन-अडीच मीटर चुकलात की पत्रा उभा. लहान भोकाला एक मीटरची चूकसुद्धा चालत नाही.

त्याला लागणार होतं 10 ते 50 मीटरमधलं नेमकं माप, आणि तो बघत होता 1000 चा आकडा.

तो 1000 चा आकडा खोटा नसतो, पण तो कशावर मोजलेला असतो हे बघावं लागतं. यंत्र आत काय करतं ते असं: डोळ्याला न दिसणारी, बहुधा 905 नॅनोमीटरची, लेझरची बारीक ठिणगी सोडतं, ती समोर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि प्रकाशाच्या वेगानं गुणून निम्मं करतं. एक मीटर अंतराला जाऊन-येऊन 7 नॅनोसेकंदाला थोडा कमी वेळ लागतो. परत येणारा प्रकाश पुरेसा असला तरच आकडा येतो. रस्त्यावरच्या चमकणाऱ्या पाटीवरून तो भरपूर येतो, म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा अशा पाटीचा असतो. झाडाला त्यापेक्षा खूप कमी, जनावराच्या अंगाला त्याहून कमी. आमच्या गोठ्यातली ओली म्हैस आणि पांढरा रंग दिलेला हद्दीचा दगड, दोन्ही एकाच अंतरावर असले तरी यंत्राला दगड पटकन दिसतो.

घाईनं काही घ्यायचं नाही असं ठरवलं आणि तीन यंत्रं उसनी मिळवली. एक शिकारीचं, परदेशातून आलेल्या ओळखीच्या माणसाचं. एक गोल्फचं, कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबांचं. तिसरं पुतण्याच्या मित्राचं, तो घरं बांधायची कंत्राटं घेतो, त्याचं लाल ठिपक्याचं लेझर मीटर. सोबत 50 मीटरची फायबरची टेप. टेप ताणून, खुंट्या मारून आठ ठिकाणं आधी मापून ठेवली. ज्याच्यावर तपासायचं ते आधी खरं असायला हवं.

गोल्फचं यंत्र आठवडाभर आधीच पुतण्याच्या हातात होतं आणि त्याची कुरकुर सुरू झाली होती. 45 मीटरच्या पत्र्यावर त्याचा छर्रा सारखा तीनेक सेंटीमीटर वर लागत होता. त्यानं रायफलीचे स्क्रू कसले, छर्ऱ्याचा डबा बदलला, दुर्बीण काढून परत बसवली. मी टेपच्या खुंटीजवळ उभं राहून यंत्रातून बघितलं तर आकडा 49, आणि आकड्याच्या कडेला बारीक वाय. यंत्र यार्डात मोजत होतं. एक यार्ड म्हणजे 0.9144 मीटर, 49 यार्ड म्हणजे जवळजवळ 45 मीटर. यंत्र बरोबरच होतं. पोरगा 49 हा आकडा मीटर समजून, छर्रा किती खाली येईल ते सांगणाऱ्या मोबाइलमधल्या गणितात घालत होता. गोल्फची यंत्रं बहुतेक यार्डात लावलेली येतात. कुणाचंही यंत्र हातात आलं की पहिली गोष्ट ही बघायची, मग बाकीचं.

शिकारीच्या यंत्रानं वेगळीच तऱ्हा दाखवली. त्याच 45 मीटरच्या पत्र्यावर ते 51 दाखवत होतं, आणि 51 वर मागचा मातीचा बांध होता. कारण असं की लेझरचा किरण दोऱ्यासारखा बारीक राहत नाही, पुढं पसरत जातो. तीन-साडेतीन मिलिरेडियन, म्हणजे हजार मीटरला तीन-साडेतीन मीटर, पसरणारा किरण 45 मीटरवर 15 सेंटीमीटरचा होतो. आमचा पत्राही तेवढाच रुंद. म्हणजे काही प्रकाश पत्र्यावर आपटतो आणि काही कडेनं मागं बांधावर. दोन उत्तरं आली की यंत्रानं कुठलं दाखवायचं हे आधी ठरवलेलं असतं. शिकारीच्या यंत्रात लांबचं उत्तर दाखवायची रीत असते, कारण तिथं पुढं गवत आणि फांद्या असतात, जनावर मागं असतं. गोल्फच्या यंत्रात जवळचं उत्तर दाखवतात, कारण पुढं झेंड्याची काठी असते आणि मागं झाडं. आम्हाला पत्र्यासाठी जवळचं हवं होतं. पण आषाढातल्या एका सकाळी जांबोटीकडचं धुकं माळावर उतरलं, बारीक पाऊस होता, तेव्हा गोल्फचं यंत्र पत्रा सोडून 7 मीटर, 9 मीटर असलं काहीतरी सांगायला लागलं. ते थेंबांवरूनच परत येत होतं. त्याच वेळी शिकारीचं यंत्र धुक्यातून पलीकडचा बांध बरोबर सांगत होतं. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने असेच असतात. तेव्हा दोन्ही रीती एकाच यंत्रात हव्यात आणि बटणानं बदलता याव्यात, हे त्या दिवशी ठरलं. खोक्यावर ही गोष्ट बारीक अक्षरात असते, मला ती मोठ्या आकड्यापेक्षा जास्त मोलाची वाटते.

किरण नेमका कुठं पडतो हेही दुर्बिणीतल्या गोलावर विसंबून ठरवू नये. गोल एकीकडे आणि किरण थोडा दुसरीकडे, असं असू शकतं. आम्ही वाटेवरचा विजेचा खांब घेतला, ज्याच्या मागं मोकळं आकाश होतं. आकाशावरून काही परत येत नाही, त्यामुळे आकडा येत नाही. यंत्र सतत मोजायच्या रीतीवर ठेवून डावीकडून हळूहळू खांबाकडे आणायचं, आकडा कधी उमटतो ते बघायचं, मग उजवीकडून. खांबाच्या आडव्या पट्टीवर वरून-खालून तेच. शिकारीच्या यंत्राचा किरण गोलाच्या बऱ्यापैकी उजवीकडे होता. मालकाला हे ठाऊकच नव्हतं. ही परीक्षा फुकट आहे, दुकानाच्या दारात उभं राहूनही होते, आणि ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत असं मी आता सगळ्यांना सांगतो.

लाल ठिपक्याच्या मीटरबद्दल थोडक्यात. माप सगळ्यात नेमकं तेच देतं, दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानं. पण उन्हात ठिपका दिसत नाही, बघायला दुर्बीण नाही, आणि हातात धरून 45 मीटरवरच्या पत्र्यावर तो ठिपका टेकवणं अशक्य. तिन्हीसांजेला, तिपायीवर लावून, पांढऱ्या पुठ्ठ्यावर काम झालं. खुंट्या मारायला उत्तम. फिरता फिरता वापरायला नाही.

आता चढ-उताराचं. गुरुत्वाकर्षण छर्ऱ्याला खाली ओढतं ते आडव्या अंतराच्या हिशोबानं, तिरक्या नव्हे. माळाच्या माथ्यावरून खालच्या पत्र्याकडे बघितलं तर टेपनं 45 मीटर आणि उतार 18 अंश. 45 ला 18 अंशाच्या कोसाइननं, म्हणजे 0.951 नं गुणलं की 42.8 येतात. 45 धरून नेम घेतला तर छर्रा 17-18 मिलिमीटर वर, भोकाच्या काठावर. खालून वर मारतानाही तेच: छर्रा वरच लागतो. फौजेत आम्ही हे एका ओळीत शिकवायचो, वर मारा की खाली मारा, रेंज कमी धरा.

म्हणून पुतण्यानं गोल्फच्या यंत्रावरचं उताराचं बटण दाबलं, आणि खालून वरच्या पत्र्याकडे बघताना आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तो चक्रावला. मलाही दोन मिनिटं लागली. गोल्फच्या चेंडूचा हिशोब वेगळा आहे. चेंडू उंच जाऊन वरून खाली पडतो, चढावर तो अलीकडेच टेकतो, म्हणून गोल्फचं यंत्र चढाला अंतर वाढवून सांगतं आणि उताराला कमी करून. खेळाडूनं कुठली काठी घ्यायची हे त्यावरून ठरतं. रायफलीला आणि धनुष्यबाणाला हा आकडा चढावर उलटा पडतो. उताराची सोय आहे एवढं वाचून गोल्फचं यंत्र स्वस्त मिळतंय म्हणून नेमबाजीला घेणारे लोक मी बघितलेत. ते बटण बंद ठेवलं तर यंत्र चांगलं, चालू ठेवलं तर चढावरचा प्रत्येक छर्रा आणखी वर.

इथं गोल्फचं यंत्र बाद झालं, तसं हजार मीटरचंही. शेवटी घेतलं ते तिरंदाजीसाठी बनवलेलं, सहा पट मोठं दाखवणारं, साध्या झाडावर दीड-दोनशे मीटरच्या पुढं न जाणारं. पण ते 5 मीटरपासून मोजतं, 100 मीटरच्या आत दशांशात आकडा देतं, तिरकं अंतर, कोन आणि आडवं अंतर तिन्ही दाखवतं, जवळचं-लांबचं बटणानं बदलतं. आकडे लाल उजेडाचे, कारण काळे आकडे काजूच्या गर्द सावलीत दिसत नाहीत, हे शिकारीच्या यंत्रानं शिकवलं होतं. लेझर वर्ग 1 चा, डोळ्याला सुरक्षित. तरी माणसाच्या डोळ्यावर रोखायचा नाही, हा नियम घरात केला. सेल सीआर-2, तो खानापुरात मिळाला नाही म्हणून बेळगावातून दोन जास्तीचे आणून ठेवले. किंमत पहिल्या फोटोतल्या यंत्राच्या निम्म्याहून थोडी कमी.

खरेदीची गोष्ट इथं संपली असती. पण फील्ड टार्गेटच्या स्पर्धेत लेझर रेंजफाइंडर चालत नाही. तिथं रायफलीवरच्या दुर्बिणीचं फोकस फिरवून, चित्र कुठं लख्ख होतं त्यावरून अंतर काढावं लागतं, किंवा नजरेनं. हे कळल्यावर पुतण्याचं तोंड उतरलं. "मग एवढं करून उपयोग काय, काका?"

मी त्याला वही आणायला लावली. फौजेत 'फासले का अनुमान' हा धडा असतो, एनसीसी केलेल्या पोरांनाही तो ठाऊक असेल. 100 मीटरचा एक तुकडा डोळ्यात बसवायचा आणि तो जमिनीवर टाकत पुढं जायचं. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती असं धरून मधला काढायचा. उंची माहीत असलेली वस्तू असेल तर तिची मीटरमधली उंची गुणिले 1000, भागिले ती किती मिल दिसते. मिल हे कोनाचं माप, हजार मीटरवरची एक मीटरची वस्तू साधारण एक मिल दिसते. हात लांब करून धरलेलं एक बोट साधारण 30 मिल. कुंपणाचा दीड मीटरचा खांब बोटाच्या जाडीएवढा दिसला की तो 50 मीटरवर. प्रत्येकाचं बोट आणि हात वेगळा, म्हणून आपलं बोट आपण मापून घ्यायचं. पुतण्याचं 33 भरलं.

पद्धत ही: आधी नजरेनं अंतर ठरवायचं, वहीत लिहायचं, मगच यंत्राचं बटण दाबायचं, शेजारी यंत्राचा आकडा लिहायचा. खोडायचं नाही. रोज दहा. पत्रे, खांब, हद्दीचे दगड, काजूची झाडं, जे दिसेल ते. पहिल्या आठवड्यात त्याच्या 40 मीटरच्या अंदाजात सात-आठ मीटरची चूक असायची. दोन महिन्यांनी ती दोन मीटरच्या आत आली, आणि चूक बहुतेक एकाच बाजूची राहिली: सकाळी कमी धरतो, संध्याकाळी जास्त. कारण पाठीमागून ऊन असलं आणि समोरची वस्तू उजळ दिसली की ती जवळ वाटते, अंधूक उजेडात लांब वाटते. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. वहीत त्याचं त्याला दिसलं.

परवाच्या रविवारी मी शेतावर होतो. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर गवा निघाला, एकटा, चरत. पुतण्यानं खिशातून वही काढली आणि 90 लिहिलं. मग बटण दाबलं. 138. मधे ओढ्याची खोल घळ होती, आणि मधल्या घळीचा तळ दिसत नसला की पलीकडचं जवळ वाटतं. त्यानं 138 च्या पुढं कंसात 'घळ' असं लिहिलं, गव्याकडे एकदा बघितलं आणि म्हशी खालच्या वाटेनं घराकडे वळवल्या.